घटक ६ : वास्तूचे मुद्राचित्र कसे वाचावे? – एक इमारत, दोन मुद्रा

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला

● ‘मुद्राचित्र’ या संज्ञेचा अर्थ सोदाहरण स्पष्ट करता येईल.
● न्यूयॉर्क येथील फ्लॅटआयर्न इमारतीच्या रचनेची वैशिष्ट्ये सांगता येतील.
● एकाच वास्तूच्या दोन मुद्राचित्रांची तुलना करता येईल.
● चित्राचे वर्णन, त्याचा अर्थ आणि त्याचे मूल्यमापन या तीन पायऱ्यांतील फरक ओळखून आस्वादपर लेखन करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कलाकृतीविषयी लिहावयास बसले की आपल्या लेखणीतून पहिल्याप्रथम विशेषणे उतरतात. ‘भव्य’, ‘मनोहर’, ‘अप्रतिम’ हे शब्द कोणत्याही चित्राला लावता येतात, आणि म्हणूनच ते कोणत्याही एका चित्राविषयी काहीच सांगत नाहीत. आस्वादपर लेखनाची खरी अडचण शब्दसंपत्तीची नसते. ती पाहण्याची असते. जे नीट पाहिलेले नाही, ते नीट लिहिता येत नाही.

या घटकात आपण विसाव्या शतकाच्या आरंभी उभारल्या गेलेल्या एका गगनचुंबी इमारतीची दोन मुद्राचित्रे अभ्यासणार आहोत. पहिले आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांचे, दुसरे एडवर्ड स्टायकेन यांचे. इमारत एकच, शहर एकच, दोन्ही कलावंत एकमेकांचे सहकारी, आणि दोन्ही चित्रांमध्ये जेमतेम एक-दोन वर्षांचे अंतर. तरीही ही चित्रे वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. हे कशामुळे घडते, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

ही दोन्ही चित्रे प्रस्तुत पुस्तिकेत छापलेली नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांना ती मूळ स्वरूपात पाहण्याची संधी लवकर मिळेलच असे नाही. म्हणून येथे आपल्याला शब्दांवरच विसंबावे लागेल. पुढील वर्णन वाचून चित्र मनात उभे राहते का, ते पाहा. आणि पुढे कधी ही चित्रे प्रत्यक्ष पाहाल तेव्हा हे वर्णन त्यांच्याशी ताडून पाहा. वर्णनाची कसोटी हीच असते.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ मुद्राचित्र म्हणजे काय?

तांब्याचा पत्रा, लाकडी ठोकळा, दगड किंवा छायाचित्राची निगेटिव्ह अशा एखाद्या माध्यमावर प्रथम प्रतिमा तयार करावयाची आणि मग तिचा ठसा कागदावर उमटवावयाचा, या पद्धतीने सिद्ध होणाऱ्या चित्राला मुद्राचित्र म्हणतात. रंगचित्राची मूळ प्रत एकच असते. मुद्राचित्राच्या मात्र अनेक प्रती निघू शकतात आणि त्या सर्व मूळच मानल्या जातात.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. ठसा यंत्राने उमटतो, म्हणून त्यात कलावंताच्या निवडीला वाव नसतो, असे अनेकांना वाटते. वस्तुतः कोणता कागद घ्यावयाचा, शाई किती गडद ठेवावयाची, कोणता भाग अंधारात सोडावयाचा, चौकट कोठे संपवावयाची, या प्रत्येक टप्प्यावर कलावंत निर्णय घेत असतो. हे निर्णय म्हणजेच त्याची भूमिका. वास्तूचे मुद्राचित्र ही वास्तूची नक्कल नसून वास्तूविषयी घेतलेली एक भूमिका असते, हे विधान आपण आता तपासून पाहू.

६.३.२ इमारत

चित्राकडे वळण्यापूर्वी इमारतीची ओळख करून घेऊ. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील रस्ते बहुतांशी एकमेकांना काटकोनात छेदतात. ब्रॉडवे हा जुना रस्ता मात्र तिरका जातो. तेविसाव्या रस्त्याजवळ तो फिफ्थ ॲव्हेन्यूला छेदतो आणि तेथे जमिनीचा एक त्रिकोणी तुकडा उरतो. कपड्यांच्या इस्त्रीच्या आकाराचा म्हणून या भूखंडाला लोक आधीपासूनच ‘फ्लॅटआयर्न’, म्हणजे ‘इस्त्री’, म्हणत असत. १९०२ साली येथे इमारत पूर्ण झाली. जॉर्ज फुलर या दिवंगत बांधकाम व्यावसायिकाच्या स्मरणार्थ तिला ‘फुलर बिल्डिंग’ असे अधिकृत नाव देण्यात आले. पण लोकांच्या तोंडी ‘इस्त्री’च राहिली आणि अखेरीस तेच नाव टिकले.

इमारतीचे वास्तुरचनाकार शिकागोचे डॅनियल बर्नहॅम. इमारतीची उंची सुमारे ८७ मीटर, म्हणजे २८५ फूट. त्या काळीही ती शहरातील सर्वांत उंच इमारत नव्हती. १८९९ मध्ये पूर्ण झालेली पार्क रो इमारत तिच्याहून उंच होती. तरी लोक थबकून पाहत ते फ्लॅटआयर्नकडे. त्याचे कारण तिचा आकार. उत्तरेकडील तिचे टोक जेमतेम दोन मीटर रुंद आहे.

असे निमुळते टोक इतक्या उंचीपर्यंत कसे नेता आले? याचे उत्तर बांधकामाच्या तंत्रात आहे. ज्या इमारतीचा भार भिंती वाहतात, तिची उंची जसजशी वाढेल तसतशा तळाच्या भिंती जाड कराव्या लागतात. बर्नहॅम यांच्याच संस्थेने शिकागो येथे उभारलेल्या मोनॅडनॉक या सोळा मजली इमारतीच्या तळाच्या भिंती सुमारे सहा फूट जाड आहेत. फ्लॅटआयर्नच्या त्रिकोणी टोकाशी अशा भिंती घातल्या असत्या, तर आत माणसाला उभे राहण्यापुरतीही जागा उरली नसती. म्हणून येथे पोलादी सांगाडा वापरला गेला. सारा भार सांगाडा वाहतो. बाहेर दिसणारा चुनखडीचा दगड आणि टेराकोटा, म्हणजे भाजलेल्या मातीचे नक्षीदार घटक, हे केवळ आवरण आहे. पाहणाऱ्याला ती दगडी इमारत वाटते. प्रत्यक्षात ती दगड पांघरलेले पोलाद आहे.

आणखी एक तपशील ध्यानात ठेवा. इमारतीच्या टोकाशी, तळमजल्यावर, काचेचे एक छोटे दुकान जोडलेले आहे. बर्नहॅम यांना ते नको होते. परंतु भाड्याने देण्याजोगी जागा वाया जाऊ नये, असा मालकपक्षाचा आग्रह होता. ही इमारत मुळात भाड्याच्या उत्पन्नासाठी उभारलेली आहे, याची आठवण ते दुकान करून देते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) ‘फ्लॅटआयर्न’ हे नाव कशावरून पडले?
(आ) निमुळत्या भूखंडावर पोलादी सांगाड्याची आवश्यकता का होती?

६.३.३ पहिली मुद्रा : स्टीग्लिट्झ

आल्फ्रेड स्टीग्लिट्झ (जन्म १८६४) यांनी बर्लिनमध्ये शिक्षण घेताना छायाचित्रणाच्या रसायनशास्त्राचा अभ्यास केला होता. छायाचित्र ही स्वतंत्र कला आहे, हे सिद्ध करण्याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यासाठी १९०२ मध्ये त्यांनी ‘फोटो-सेसेशन’ हा कलावंतांचा गट स्थापन केला आणि १९०३ पासून ‘कॅमेरा वर्क’ हे नियतकालिक चालविले. त्याच नियतकालिकाच्या ऑक्टोबर १९०३ च्या अंकात त्यांचे ‘द फ्लॅटआयर्न’ हे चित्र प्रसिद्ध झाले. त्याच अंकात समीक्षक सादाकिची हार्टमन यांचा या इमारतीच्या सौंदर्याची चर्चा करणारा लेखही होता. अशा चर्चेची गरज का भासली? कारण ही इमारत सुंदर आहे की कुरूप, याविषयी शहरात मतभेद होते. स्टीग्लिट्झ यांच्या वडिलांनाही ती कुरूप वाटत असे, अशी आठवण स्टीग्लिट्झ यांनी पुढे सांगितली आहे.

आता चित्राचे वर्णन पाहू. चित्र उभे आणि अरुंद आहे. बर्फ पडलेला दिवस. अगदी समोर एका झाडाचे काळेभोर खोड आहे. ते वर जाऊन दोन फांद्यांत दुभंगते आणि त्या बेचक्यात बर्फ साचलेला आहे. मागे जमीन पांढरी. त्यापलीकडे निष्पर्ण झाडांची गडद रांग. या रांगेच्या मागून इमारत वर येते. पण ती फिकट करडी आहे, धुक्यातून दिसावी तशी. तिचा तळ झाडांनी झाकलेला आहे. खिडक्यांच्या ओळी पुसट आहेत. आकाश आणि इमारत यांच्या रंगात फारच थोडा फरक आहे.

या वर्णनावरून कोणते अर्थ निघतात? पहिली गोष्ट, चित्रातील सर्वांत वजनदार वस्तू इमारत नसून झाड आहे. पोलादाची प्रचंड रचना कागदासारखी हलकी दिसते आणि एक सामान्य झाड तिच्यापेक्षा ठोस भासते. दुसरी गोष्ट, झाडाचे बेचके आणि इमारतीचे निमुळते टोक हे आकार परस्परांना उत्तर देतात. निसर्गाने केलेला कोन आणि माणसाने केलेला कोन एकाच चौकटीत येतात. तिसरी गोष्ट, इमारतीचा तळ झाकल्यामुळे ती जमिनीवर उभी आहे असे न वाटता तरंगत पुढे येते आहे असे वाटते. ती एखाद्या महाकाय आगबोटीच्या नाळेप्रमाणे, म्हणजे पुढच्या टोकाप्रमाणे, आपल्या दिशेने येत असल्याचा भास आपल्याला झाला, असे स्टीग्लिट्झ यांनी नंतर सांगितले. मालकाच्या आग्रहाने जोडलेले ते दुकान या चित्रात कोठेच नाही.

येथे एक शंका येऊ शकते. हा हलकेपणा म्हणजे निव्वळ बर्फाची किमया नाही का? काही अंशी आहे. परंतु आपण पाहिलेच, की या इमारतीच्या भिंती खरोखरच भार वाहत नाहीत आणि टोकाच्या बाजूने पाहिल्यास तिला जवळजवळ जाडीच उरत नाही. रस्त्यावरून चालणाऱ्याला दगडी भासणाऱ्या इमारतीचे हलके सत्य बर्फाळ दिवसाच्या या चित्राने उघड केले आहे. वास्तूची माहिती चित्राच्या वाचनाला कशी साहाय्य करते, याचे हे उदाहरण होय.

ही प्रतिमा फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापलेली आहे. या पद्धतीत छायाचित्रातील छटा प्रकाश आणि जिलेटिन यांच्या साहाय्याने तांब्याच्या पत्र्यावर उतरवितात. पत्रा रसायनात कोरला जातो. गडद भाग खोल कोरले जातात, फिकट भाग उथळ. मग पत्र्यावर शाई भरून, पृष्ठभाग पुसून, दमट कागदावर दाबयंत्राने ठसा घेतात. खोल खाचेत अधिक शाई राहते, म्हणून झाडाचे खोड मखमलीसारखे काळे उमटते. उथळ भागात ती जेमतेम लागते, म्हणून इमारत विरळ दिसते. येथे तंत्र आणि आशय वेगळे करता येत नाहीत.

६.३.४ दुसरी मुद्रा : स्टायकेन

एडवर्ड स्टायकेन (जन्म १८७९) हे लक्झेंबर्गमध्ये जन्मले आणि बालपणीच अमेरिकेत आले. ते चित्रकारही होते आणि छायाचित्रकारही. १९०४ मध्ये त्यांनी हीच इमारत टिपली.

हे चित्र संध्याकाळचे आहे. दिवस मावळला आहे, पण रात्र पुरती झालेली नाही. रस्ता ओला असून त्यात दिव्यांचा उजेड उतरला आहे. पुढच्या भागात घोडागाड्या उभ्या आहेत. उंच टोपी घातलेल्या गाडीवानांच्या केवळ काळ्या आकृती दिसतात. चेहरे दिसत नाहीत. एक बारीक फांदी इमारतीवरून आडवी जाते. मागे इमारत काळसर वस्तुमानासारखी उभी आहे आणि तिचा माथा चौकटीबाहेर गेलेला आहे.

माथा कापणे हा या चित्रातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. पूर्ण इमारत दाखविली असती तर तिची उंची आपण डोळ्यांनी मोजली असती. येथे ती मोजता येत नाही, म्हणून ती अधिक वाटते. दुसरा निर्णय गाडीवानांचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली. पोलादाचे शहर जमिनीवर आणि जमिनीखाली वाढत असताना, त्याच्या पायथ्याशी ओल्या रस्त्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहणारा गाडीवान उभा आहे. चित्र त्याच्याविषयी हळहळत नाही आणि इमारतीचा जयजयकारही करीत नाही. ते दोन काळांना एका संध्याकाळी शेजारी उभे करते.

या मुद्रेचे तंत्रही वेगळे आहे. प्रथम प्लॅटिनमच्या साहाय्याने कागदावर छायाचित्राचा ठसा घेतला. त्यावर डिंक, पोटॅशियम बायक्रोमेट आणि रंगद्रव्य यांच्या मिश्रणाचे थर दिले. हे मिश्रण प्रकाश लागेल तेथे घट्ट होते आणि न लागलेला भाग पाण्याने धुऊन जातो. हा थर हाताने द्यावा लागत असल्यामुळे प्रत्येक ठसा निराळा होतो. एकाच निगेटिव्हवरून केलेल्या अशा तीन मुद्रा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत आणि तिन्हींची रंगछटा भिन्न आहे. त्या शेजारी ठेवल्या तर एकच संध्याकाळ क्रमाक्रमाने उतरत असल्याचा प्रत्यय येतो.

दोन्ही चित्रांत झाडाची फांदी किंवा खोड अगदी पुढे आणून मुख्य विषय मागे ठेवलेला आहे. अग्रभाग असा धीटपणे वापरण्याची रीत जपानी काष्ठमुद्राचित्रांत आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही चित्रे पाश्चात्त्य कलावंतांपर्यंत पोहोचली होती. अमेरिकेतील सर्वांत नव्या वस्तूकडे पाहण्याची दृष्टी अशी काही अंशी जपानच्या जुन्या कलेतून आली, हे लक्षणीय आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

(अ) स्टायकेन यांनी इमारतीचा माथा चौकटीबाहेर ठेवल्यामुळे काय साधले?
(आ) एकाच निगेटिव्हवरून घेतलेले ठसे परस्परांहून भिन्न कसे असू शकतात?

६.३.५ वर्णनाकडून अर्थाकडे : लेखनाची रीत

आता लेखनाचा विचार करू. एखाद्या विद्यार्थ्याने पुढीलप्रमाणे लिहिले असे समजा :

‘स्टीग्लिट्झ यांचे हे चित्र अत्यंत सुंदर असून त्यात इमारतीची भव्यता प्रभावीपणे व्यक्त झाली आहे.’

या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण ते चित्र न पाहताही लिहिता आले असते. शिवाय ते चुकीचेही आहे, कारण या चित्रात इमारतीची भव्यता दाखविण्याऐवजी ती जवळजवळ विरवून टाकलेली आहे. आता हे वाक्य पाहा :

‘समोरचे खोड काळे आणि इमारत फिकट असल्यामुळे नजर प्रथम झाडावर थांबते, इमारत नंतर, हळूहळू दिसू लागते.’

दुसऱ्या वाक्यात एकही प्रशंसेचा शब्द नाही. तरी ते वाचणाऱ्याला चित्रापर्यंत नेते, आणि ज्याला ते पटत नाही त्याला चित्राकडे बोट दाखवून वाद घालता येतो. आस्वादपर लेखनातील विधान असे असावे. म्हणून तीन पायऱ्यांचा क्रम ध्यानात ठेवा :

१. वर्णन – चित्रात काय आहे, कोठे आहे, काय झाकलेले अथवा वगळलेले आहे?
२. अर्थ – या मांडणीमुळे विषयाविषयी काय सूचित होते?
३. मूल्यमापन – ही भूमिका कितपत समर्थपणे मांडली आहे, आणि तिची मर्यादा कोणती?

मर्यादेचा विचार टाळू नका. या दोन्ही चित्रांत पोलादाचे खांब जोडणारे कामगार नाहीत आणि इमारतीत दिवसभर काम करणारे कारकूनही नाहीत. बर्फ आणि संधिप्रकाश यांनी व्यापारी शहराला काव्यमय केले. पण ते करताना त्या शहराचे कष्ट आणि व्यवहार मागे पडले. हा दोष मानावा की निवड, यावर दोन्ही बाजूंनी लिहिता येईल. मात्र कोणतीही बाजू घेतली तरी तिचा आधार चित्रातच दाखविता आला पाहिजे.

६.४ सारांश

मुद्राचित्र म्हणजे माध्यमावरील प्रतिमेचा कागदावर घेतलेला ठसा. ठसा घेण्याच्या प्रत्येक टप्प्यावर कलावंत निवड करतो आणि या निवडींतून वास्तूविषयीची भूमिका व्यक्त होते. पोलादी सांगाड्यामुळे शक्य झालेली फ्लॅटआयर्न इमारत स्टीग्लिट्झ यांनी बर्फात विरघळणारी आणि पुढे सरकणारी दाखविली. स्टायकेन यांनी ती गाडीवानांच्या मागे उभी असलेली, माथा न दिसणारी सायंकालीन छाया म्हणून दाखविली. दोन्ही खरी आहेत, कारण दोन्ही पाहण्यातून आली आहेत. आपले लेखनही तसेच पाहण्यातून यावे, एवढीच या घटकाची अपेक्षा आहे.

६.५ पारिभाषिक शब्द

अग्रभाग – चित्रात पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळ भासणारा भाग.
काष्ठमुद्राचित्र – लाकडी ठोकळ्यावर कोरून घेतलेला ठसा.
छटा – गडद व फिकट यांमधील रंगाची पातळी.
टेराकोटा – साच्यात घडवून भाजलेली माती. इमारतीच्या बाह्य आवरणासाठी वापरली जाते.
फोटोग्रॅव्ह्युअर – छायाचित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून शाईने छापण्याची पद्धत.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) त्रिकोणी भूखंडाचा आकार कपड्यांच्या इस्त्रीसारखा असल्यामुळे. (आ) भार वाहणाऱ्या जाड भिंतींनी निमुळत्या टोकाकडील सर्व जागा व्यापली असती. सांगाड्यामुळे भिंती केवळ आवरणापुरत्या राहिल्या.

प्रश्न २ : (अ) उंची मोजता येत नसल्यामुळे ती अधिक भासते. (आ) डिंक व रंगद्रव्य यांचे थर हाताने द्यावे लागतात. त्यामुळे प्रत्येक ठशाची रंगछटा बदलू शकते.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘मुद्राचित्र ही वास्तूची नक्कल नसून भूमिका असते.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. स्टीग्लिट्झ आणि स्टायकेन यांच्या मुद्राचित्रांची दृष्टिकोन, चौकट, प्रकाश आणि तंत्र या चार मुद्द्यांच्या आधारे तुलना करा.
३. टीप लिहा : फ्लॅटआयर्न इमारतीची रचना.

६.८ उपक्रम

आपल्या गावातील किंवा शहरातील एखादी परिचित इमारत निवडा. शाळा, बाजारसमितीचे कार्यालय, रेल्वेस्थानक, कापडगिरणी असे काहीही चालेल. सकाळी आणि दिवे लागणीच्या वेळी, एकाच जागी उभे राहून तिचे निरीक्षण करा. दोन्ही वेळांचे प्रत्येकी दहा वाक्यांत वर्णन लिहा. एकही प्रशंसावाचक विशेषण वापरू नका. त्यानंतर ती इमारत न पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला दोन्ही वर्णने वाचून दाखवा आणि तिच्या मनात कोणते चित्र उभे राहिले ते विचारा. तिच्या उत्तरात जे आले नाही, ते आपल्या वर्णनात कोठे निसटले, याचा शोध घ्या आणि वर्णन पुन्हा लिहा.